फडकं, पॉलिश आणि पारदर्शक कातडी

नवी पेठ ही सोलापूरची खरेदीची पेठ. लग्नाचा बस्ता असो, दिवाळीचे कपडे असोत की जूनमधला शाळेचा गणवेश, शहरातला आणि आसपासच्या तालुक्यांतला माणूस इथे येतोच. पेठेला लागून मेकॅनिक चौक, जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे, पलीकडे भुईकोट किल्ला. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी आणि त्यातून वाट काढणारी चारचाकी. सणासुदीच्या दिवसांत इथे गाडी आणायची आणि दाराला कुणाच्या हँडलचं टोक घासू द्यायचं नाही, हे अवघडच. म्हणून गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवून घेण्याची जी लाट गेल्या काही वर्षांत आली, तिचं कारण सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. पेंट प्रोटेक्शन फिल्म हे तिचं पूर्ण नाव, गॅरेजात आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी नुसतं पीपीएफ.

फिल्म लावणं हे दोन-चार दिवसांचं काम. ती सांभाळणं मात्र पाच-सात वर्षांचं आहे, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. कारण सांभाळायचं म्हणजे काय, याच्या सोलापूरकरांच्या कल्पना फिल्मच्या कितीतरी आधीच्या आहेत. सकाळी उठायचं, डिकीतला जुना टॉवेल काढायचा, झटकायचा आणि गाडी चकचकीत पुसून काढायची. आजोबांनी स्कूटर अशीच पुसली, वडिलांनी फियाट अशीच पुसली. त्या काळच्या रंगाला ते चालून गेलं. आजच्या फिल्मवर सर्वांत जास्त ओरखडे याच प्रेमळ हाताने पडतात. गाडीच्या रंगाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा बदल कसा झाला ते नीट कळतं, आणि त्या इतिहासात सोलापूरचा वाटा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

वाहनावर कापड घालण्याची आपली रीत मोटारीच्या आधीची. बेंदराला बैलाच्या पाठीवर झूल चढते, शिंगं रंगतात, गाडीच्या जुवाला तेलपाणी होतं. सोलापुरात कापडाला तोटा नव्हता. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आणि जाम मिल आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर चादर आणि टर्किश टॉवेल यांना सोलापूरचं नाव दिलं, आणि या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकनही मिळालं. गिरणीत कापडाबरोबर आणखी एक माल निघतो, तो म्हणजे वेस्ट. सुताचे तुटलेले धागे, गुंते, चिंध्या. यंत्राचं तेल पुसायला याच्यासारखं स्वस्त आणि शोषून घेणारं काही नाही. गॅरेजवाल्याच्या खिशातून लोंबणारा वेस्टचा गोळा आणि घरातला झिजलेला टॉवेल, दोघांचं कुळ एकच. गाडी पुसायचं फडकं सोलापुरात कुणाला विकत घ्यावं लागलंच नाही.

मोटारीशी सोलापूरचं नातं गिऱ्हाइकापुरतंही नाही. भारतात मोटारी बनवायचं स्वप्न ज्यांनी पाहिलं ते वालचंद हिराचंद दोशी 23 नोव्हेंबर 1882 रोजी याच शहरात जन्मले. घरचा धंदा व्यापाराचा आणि सावकारीचा, पण त्यांचं मन कंत्राटदारीत रमलं. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं काम घेतलं, आणि तिथून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजबांधणी असा त्यांचा पसारा वाढत गेला. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी हातमिळवणी झाली, आणि त्यातूनच ती गाडी आली जिला आधी सगळे फियाट म्हणत आणि नंतर प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप म्हणजे हीच पद्मिनी. नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून उतरली.

फियाटचा रंग कसा होता, हे समजून घ्यायला आणखी थोडं मागे जावं लागेल. मोटारी निघाल्या तेव्हा त्या घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. ब्रशने तेलरंग, त्यावर वॉर्निशचे थर, मधे वाळू देणं, घासणं, पुन्हा थर. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने जनरल मोटर्सबरोबर नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला, तो ड्युको. फवाऱ्याने मारायचा, तासाभरात वाळायचा आणि घासला की चमकायचा. आपल्याकडच्या गॅरेजात आजही स्प्रेने केलेल्या कामाला ड्युको म्हणणारे जुने पेंटर भेटतात. मग भट्टीत भाजलेले एनॅमल रंग आले. या सगळ्या रंगांचा स्वभाव एक होता: रंगद्रव्य वरच्या पृष्ठभागापर्यंत असायचं. उन्हाने वरचा पापुद्रा मेला, गाडी पांढुरकी पडली, की रबिंग कंपाउंड लावून तो पापुद्रा घासून काढायचा, आणि खाली तोच ताजा रंग. वर मेणाचं पॉलिश. लाल गाडीवर पॉलिश मारलं की फडकं लाल व्हायचं. म्हणजे घासणं हीच तेव्हा रंगाची निगा होती. पुसणारा हात जेवढा जोरकस, तेवढी गाडी देखणी.

त्यात तो परवान्यांचा काळ. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि हातात आली की ती पुढच्या पिढीपर्यंत टिकवायची. ती टिकवण्याच्या रीती जुन्या सोलापूरकरांना आजही आठवतील. रात्री ताडपत्रीचं नाहीतर जाड कापडाचं कव्हर. सीटवर रेक्झिन आणि रेक्झिनवर पांढरा टर्किश टॉवेल. सरकारी गाडीत साहेबाच्या पाठीशी असणारा टॉवेल हा त्याचाच भाऊबंद, आणि त्यातले कितीतरी सोलापूरच्या मागावर विणलेले. कारखान्यातून सीटवर आलेलं पॉलिथिन सहा-सहा महिने न काढणारे लोकही होते. उन्हात त्या पॉलिथिनला अंग चिकटायचं, तरी ते काढवत नसे. गाडीवर प्लास्टिकचं आवरण ठेवून तिला नवी ठेवायची ओढ म्हणजे पीपीएफच्या आधीचं पीपीएफच म्हणायला हवं, फक्त ते सीटवर होतं.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि रस्ता बदलू लागला. रंगही बदलला, पण तो बदल कुणाच्या डोळ्यांत भरला नाही. जगभर याच सुमारास रंगाचे दोन थर करण्याची पद्धत रुळत होती. खाली पातळ बेसकोट, त्यात रंगद्रव्य आणि चकाकीचे कण. वर क्लिअरकोट, म्हणजे रंगहीन, काचेसारखा थर. आज रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक गाडीवर हीच रचना आहे. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, त्यात क्लिअरकोट अवघा 40-50 मायक्रॉनचा. माणसाच्या केसाची जाडी 70 मायक्रॉनच्या आसपास असते. चमक आता त्या केसाहूनही पातळ थरात आहे. तो एकदा घासून संपवला की खाली ताजा रंग मिळत नाही, गाडीच पुन्हा रंगवावी लागते.

तरी हात जुनाच राहिला. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीतले कण क्लिअरकोटवर बारीक रेघा ओढतात. एक रेघ दिसत नाही. हजार रेघा झाल्या की काळ्या गाडीवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलयं दिसायला लागतात. कारागीर याला स्वर्ल म्हणतात. शोरूममधून काल आलेल्या गाडीवरही ती दिसतात, कारण गाडी देण्याआधी ती कुणीतरी मायेने पुसलेली असते.

पारदर्शक फिल्मची गोष्ट मात्र मोटारीत सुरूच झाली नाही. जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. त्याच्यापासून लवचीक आणि चिवट पडदा बनवता येऊ लागला. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टर उतरताना उडणारी वाळू आणि खडे यांनी फिरत्या पात्यांच्या कडा खाऊन टाकल्या, तेव्हा अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने पात्यांवर चिकटवायची पॉलियुरेथेनची पट्टी तयार केली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली. त्याआधी अमेरिकेत गाडीच्या तोंडावर विनाइलची झूल बांधायची पद्धत होती, पण तिच्याखाली धूळ आणि ओल अडकून रंगच खराब व्हायचा. चिकटणाऱ्या पारदर्शक पडद्याने तो प्रश्न सोडवला. सुरुवातीच्या फिल्म जाड होत्या, वळणावर बसत नसत आणि काही वर्षांत पिवळ्या पडत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे 1997 मध्ये सुरू झालेल्या एक्सपेल कंपनीने प्रत्येक गाडीच्या मापाचे नमुने संगणकावर तयार केले, म्हणजे फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापायची गरज कमी झाली. याच कंपनीने 2011 मध्ये आपले बारीक ओरखडे आपणच भरून काढणारी फिल्म बाजारात आणली, आणि घरगुती गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने तेव्हापासून वळलं.

महाराष्ट्रात ही गोष्ट दुसऱ्या एका उद्योजकाच्या कारखान्याशी जोडलेली आहे. भालचंद्र दिगंबर गरवारे, लोकांचे आबासाहेब, 1903 मध्ये जन्मलेले तासगावचे. शिक्षण फारसं नाही. मुंबईत गिरगावात त्यांनी मोटारींची खरेदी-विक्री सुरू केली. 1930 च्या दशकात मंदीने इंग्लंडात गाड्यांचे भाव पडले होते, तेव्हा तिथल्या वापरलेल्या मोटारी विकत घेऊन त्या मुंबईला आणून विकण्याचं धाडस त्यांनी केलं. पुढे ते प्लास्टिककडे वळले. गुंड्या, ब्रशचे केस, मासेमारीची जाळी, आणि अखेर औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पॉलिएस्टर फिल्म. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुण्याचं आबासाहेब गरवारे महाविद्यालय त्यांच्याच नावाचं. त्यांच्या पश्चात त्यांची गरवारे पॉलिएस्टर ही कंपनी गाड्यांच्या काचांवर लावायची सन कंट्रोल फिल्म देशभर आणि परदेशात विकत होती. जुन्या गाड्या पारखून विकणाऱ्या माणसाच्या घरातून गाडीचं आयुष्य वाढवणारी फिल्म निघावी, हा योग इतिहासात वारंवार येत नाही.

मग 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहनांच्या काचांवर फिल्म लावण्याला मनाई केली. चौकाचौकात पोलिसांनी गाड्या थांबवून काळ्या फिल्म सोलून काढल्याचं तेव्हाचं दृश्य सोलापूरकरांनीही पाहिलं. काचेवरच्या फिल्मच्या धंद्याला मोठा फटका बसला. पण तो हात, ते हत्यार वाया गेलं नाही. साबणाचं पाणी मारून फिल्म सरकवायची, रबराच्या पट्टीने पाणी बाहेर काढायचं, कोपरे हीट गनने बसवायचे, हे कसब काच आणि पत्रा दोन्हीला लागतं. गरवारे पॉलिएस्टरचं नाव 2021 मध्ये गरवारे हाय-टेक फिल्म्स झालं, आणि वाळूजच्या कारखान्यातून पेंट प्रोटेक्शन फिल्म बाहेर पडू लागली. वाळूजजवळच्या छत्रपती संभाजीनगरहून बीड, धाराशिव, तुळजापूर करत दक्षिणेकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग 52 सरळ सोलापुरात उतरतो. फिल्मचा कारखाना एका टोकाला, टॉवेलचं गाव दुसऱ्या टोकाला, आणि मधे तीनशे किलोमीटरचा, खडी उडवणारा रस्ता.

आता ही फिल्म जरा जवळून पाहू. हातात तुकडा घेतला तर ती मऊ, किंचित रबरासारखी लागते. जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जास्त. खाली चिकट थर, मधे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा मुख्य पडदा, वर दहा-वीस मायक्रॉनचा टॉपकोट. उडालेला खडा मधला पडदा झेलतो. पाणी घरंगळणं, डाग न धरणं, ओरखडा भरून येणं ही सगळी कामं टॉपकोटची. नखाने हलकी रेघ ओढली आणि त्यावर कोमट पाणी ओतलं की रेघ डोळ्यांदेखत विरघळते. टॉपकोटच्या रेणूंना ऊब मिळाली की ते आपल्या मूळ जागी परततात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि उन्हातलं गडद बॉनेट त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणजे ज्या उन्हाने फियाटचा रंग मारला, तेच ऊन फिल्मच्या बारीक रेघा आपसूक भरतं. पण चावीने किंवा ट्रॉलीच्या पत्र्याने फिल्म आरपार कापली गेली तर ती भरत नाही, हे विकणारा अनेकदा सांगत नाही आणि ते सांगायला हवं.

ऊन मित्र झालं, तसं पाणी शत्रू झालं. सोलापूरची पाण्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. हिप्परग्याचा एकरूख तलाव एकोणिसाव्या शतकातला, भीमेवरचं उजनी धरण 1980 मधलं, तिथून शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी, आणि तरी शहरात नळाला पाणी काही दिवसांआड. घरात भरलेलं पाणी गाडीवर ओतायचं कुणाच्याही जिवावर येतं, आणि ते योग्यच आहे. मग उरतं बोअरचं पाणी. बेसॉल्टच्या खडकातून आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड. बादलीच्या कडेला पांढरी खरड धरते ती त्याचीच. हेच पाणी तापलेल्या बॉनेटवर सोडलं आणि वाळू दिलं तर प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरं कडं उरतं. दोन-तीन उन्हाळ्यांत ती कडी टॉपकोटमध्ये उतरतात आणि मग कशानेच जात नाहीत. फिल्म पिवळी पडली, मळकट झाली अशा तक्रारींतल्या पुष्कळशा खरं तर बोअरच्या पाण्याच्या तक्रारी असतात.

म्हणून जाणते कारागीर सांगतात ते असं: गाडी सकाळी, सावलीत, बॉनेट गार असताना धुवावी. आधी फवारा पंपाने नुसतं पाणी मारून धूळ मऊ करून खाली सोडावी, हात लावू नये. मग दोन बादल्या. एकीत आम्ल-अल्काचा समतोल असलेला गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून एक पट्टा वरून खाली, सरळ रेषेत, न दाबता. मग तो साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि पुन्हा शाम्पूत. सगळी माती दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते. टपापासून सुरुवात, चाकांकडचा भाग शेवटी. शेवटचं पाणी जमल्यास नळाचं किंवा आरओचं, बोअरचं नको. आणि गाडी आपोआप वाळू द्यायची नाही, लगेच टिपून घ्यायची. पाइप सोडून धुतलेल्या गाडीला शंभराच्या पुढे लिटर सहज जातात. हे सगळं दोन-तीन बादल्यांत होतं. पाण्याच्या ओढीचं गाव म्हणून सोलापूरला उलट हीच पद्धत सोयीची आहे.

टिपायचं कशाने, हा सोलापुरात नाजूक प्रश्न. सुताच्या टर्किश टॉवेलची ओल शोषण्याची ताकद वादातीत आहे, आणि अनेक धुण्यांनी मऊ झालेला, काठ कापलेला टॉवेल ओल्या, स्वच्छ झालेल्या फिल्मवर नुसता पसरून उचलला तर तो फारसं नुकसान करत नाही. नुकसान करतात त्याचे शिवलेले काठ, नव्या टॉवेलची खळ आणि रगडणं. या कामासाठी आज मायक्रोफायबर वापरतात. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये अतिसूक्ष्म धाग्याचं कापड घडवलं, त्याच वंशातलं हे. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे चिरलेले धागे मातीचा कण पृष्ठभागावर फिरवत नाहीत, आपल्या पोटात घेतात. गाडीच्या बाहेरचं, आतलं आणि चाकांचं कापड वेगवेगळं ठेवावं, आणि ते धुताना कपड्यांचं सॉफ्टनर घालू नये, कारण त्याने धागे बुजतात. सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांनी या कापडाकडे धंदा म्हणून गंभीरपणे पाहायला हवं. टॉवेल विणण्यात ज्या शहराचं नाव आहे, त्याने गाडी पुसायचं कापड बाहेरून का आणावं?

नवी फिल्म लावल्यावर पहिला आठवडा कसोटीचा. खाली अडकलेल्या पाण्याचे बारीक फुगे आणि धुकट डाग दिसतात. लोक घाबरतात, सुईने टोचतात. टोचू नये. पाणी कडांमधून आणि पडद्यातून हळूहळू निघून जातं. पहिले दोन दिवस पाणी नाही, आठवडाभर प्रेशर वॉशर नाही. नंतरही प्रेशरचं तोंड हातभर लांब ठेवायचं आणि कडेत घुसेल असं धरायचं नाही. कड एकदा उचलली की तिच्या खालच्या चिकट थरावर धूळ बसते, आणि गाडीच्या दाराभोवती काळी रेघ दिसायला लागते. ती रेघ धुऊन जात नाही.

जुन्या रीतींपैकी काही फिल्मला अजिबात सोसत नाहीत. सर्व्हिसिंगनंतर चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवणं ही त्यातली एक. ते कडांच्या चिकट थरात शिरतं आणि तो सैल करतं. दुसरी, डाग दिसला की थिनर. तिसरी आणि सर्वांत महाग पडणारी, रबिंग कंपाउंड. एनॅमल रंगाला संजीवनी देणारं ते कंपाउंड टॉपकोट खरवडून काढतं, आणि मग फिल्मचा ओरखडे भरायचा गुणच संपतो. चिकट डागाला पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, पाण्याच्या ताज्या कड्यांना पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर, आणि दोन्हींनंतर भरपूर पाणी. पक्ष्याची विष्ठा, कडुलिंबाखाली टपकणारा चिकटा आणि महामार्गावर चिरडलेले किडे त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावेत. ऊन त्यांना टॉपकोटमध्ये शिजवतं. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी काजळीही अशीच. ती बोटाने झटकली की काळा पट्टा उमटतो, पाण्याने सोडली तर वाहून जाते.

आणि मग खंडेनवमी-दसरा. हत्यारांच्या, यंत्रांच्या पूजेचा तो दिवस, आणि गेल्या शतकात गाडीही त्या ओळीत येऊन बसली. मागापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं. फिल्मवाल्यांकडे दसऱ्यानंतर गुलाबी स्वस्तिकाच्या गाड्या येतात. या दोन रंगांचं वागणं वेगळं आहे. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात फार टिकत नाही, काही दिवस उन्हात गाडी उभी राहिली की पिवळेपणा फिका पडतो. कृत्रिम रंगाचं कुंकू मात्र टॉपकोटमध्ये मुरतं आणि तिथेच राहतं. पूजा सोडायची कुणी म्हणणार नाही. गंध नंबरप्लेटवर किंवा काचेवर लावावं, हाराच्या तारेचं टोक पत्र्याला टेकू देऊ नये, आणि संध्याकाळी पाणी मारून घ्यावं, एवढंच.

फिल्म रंगीत किंवा मॅटही मिळते आणि तरुणांची तिला पसंती आहे. गाडीचा दिसणारा रंग आरसीतल्या रंगापेक्षा वेगळा झाला तर आरटीओकडे नोंद बदलावी लागते, हे ती घेण्याआधी विचारून घ्यावं. पारदर्शक फिल्मला हा प्रश्न येत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी विक्रीच्या बोलण्यात सहसा येत नाही. कोणतीही फिल्म कायमची नसते. चांगली असली तर सात-आठ वर्षं, साधी असली तर त्याहून खूप कमी. त्यानंतर ती काढावीच लागते, नाहीतर चिकट थर सुकून रंगाला धरतो. काढायची रीतही संयमाची: पत्रा कोमट करायचा, कड सोडवायची आणि फिल्म स्वतःवर दुमडून, पत्र्याला समांतर, सावकाश ओढायची. घाईने वर उपटली तर खालचा क्लिअरकोट तिच्याबरोबर येतो, विशेषतः अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या दारावरून. ज्या रंगासाठी लाखाच्या घरात खर्च केला तोच मग जातो. म्हणून फिल्म लावून घेणाऱ्यांनी बिलावर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: वॉरंटी पिवळेपणाची आहे की पाण्याच्या डागांचीही, आणि मुदत संपल्यावर फिल्म काढून देण्याचं काम कुणाचं आणि किती पैशांत.